गळतीचा वास

त्या गॅरेजात गळक्या गाडीला रात्रभर पुठ्ठ्यावर झोपवत. संध्याकाळी गाडी सपाट फरशीवर आणायची, खाली मोठ्या खोक्याचा उलगडलेला कोरा पुठ्ठा सरकवायचा, चाकं कुठं आली ते पेन्सिलीनं आखायचं आणि शटर ओढायचं. सकाळी गाडी मागं ढकलली की रात्रभर जे काही झिरपलं ते पुठ्ठ्यावर उमटलेलं असे. कुठं काळा ठिपका, कुठं हिरवट ओघळ, कुठं नुसतीच ओल. मग सगळे हात पुसत बाजूला उभे राहत आणि नाकोबाची वाट बघत.

तो चहा संपवून यायचा. घाई करणं हे इतरांचं काम होतं. गुडघा टेकून तो आधी थेंब कुठल्या चाकाच्या किती जवळ आहे ते बघे, मग त्यावर बोट टेकवून दोन बोटांत चोळे, आणि शेवटी ते बोट नाकाशी नेऊन डोळे मिटे. गॅरेज गप्प होई.

"कूलंट. पंपाकडचा पाइप फुगलाय. काढा."

एवढंच बोलून तो उठे. पाइप काढला की तो फुगलेला असेच.

नाकोबा हे नाव माघारी पडलेलं होतं. ते त्याला ठाऊक होतं, आणि आवडतही असावं. तोंडावर सगळे दादा म्हणत, कारण त्याचा धाकटा भाऊ दादा म्हणे आणि गॅरेज दोघांचं होतं. धाकटा काउंटरवर बसे, गिऱ्हाइकं सांभाळे, सुटे भाग मागवी. फार पूर्वी एकदा त्यानं एका गिऱ्हाइकासमोर पुठ्ठ्याकडे बघून "दादा, हे ब्रेक ऑइल वाटतंय," असं म्हटलं होतं. ते ब्रेक ऑइलच होतं. नाकोबानं मान वर न करता सांगितलं, "तू काउंटरवर बस. तुझं नाक रुमालापुरतं आहे." गिऱ्हाईक पोट धरून हसलं आणि पुढं कितीतरी वर्षं, आलं की धाकट्याला रुमाल आहे ना, असं विचारत राहिलं. धाकटाही हसे. गिऱ्हाइकाला तोडून कसं चालेल.

पण नाक होतं, यात वाद नाही. एकदा एका बेकरीवाल्याची व्हॅन आली. मागच्या बाजूला तेल पडतं म्हणून एका गॅरेजनं तिच्या इंजिनखालच्या चेंबरचं पॅकिंग बदललं होतं, दुसऱ्यानं चेंबरच बदललं होतं, आणि तेल पडायचं थांबलं नव्हतं. नाकोबानं बोट हुंगलं.

"करपलंय."

"म्हणजे?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"पाव करपतो ना तुमच्याकडे? तसं. हे तेल गरम सायलेन्सरवरून वाहत आलंय. म्हणजे वरून. इंजिनच्या डोक्यावरचं, टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय. खाली पडतंय म्हणून खाली शोधत बसले, गाढवं."

"पण मग पडतं मागं कसं?"

"तुम्ही गाडी जागच्या जागी उभी ठेवता का? वारा लागतो, तेल मागं सरकतं. थेंब पडतो तिथं गळती नसते हो. गळती त्याच्या वर असते आणि थोडी पुढं."

बेकरीवाल्यानं हे वाक्य आपल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं असणार, कारण त्यानंतर गावच्या दुसऱ्या टोकाच्या गाड्याही इकडे यायला लागल्या.

पुठ्ठ्याला नाकोबाखेरीज कुणी नाक लावायचं नाही, असा तिथं रिवाज होता. तो पडला कसा हे नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगितलं जाई. लंबू नावाचा एक उंच मेकॅनिक होता. कामाला लागला त्या सुमाराला तो एका सकाळी, नाकोबा यायच्या आधी, वाकून थेंब हुंगत होता. नाकोबा मागून आला. त्यानं लंबूची मान धरली आणि तोंड खाली दाबलं, पुठ्ठ्यावर नव्हे, शेजारी जळक्या तेलाचा ट्रे होता त्यात. "घे. पोटभर घे. शिकायचंय ना?" लंबू वर आला तेव्हा त्याच्या भुवयांवरून तेल ओघळत होतं आणि तो हसत होता. सगळेच हसत होते. हसायचं नाही तर करायचं काय?

घरात तर या नाकाचं राज्यच होतं. बायकोनं धुतलेली चादर हुंगून तो परत बादलीत टाके. भात जरासा लागला तर ताट सरकवून उठे. बायकोची आई एकदा चार दिवस राहून गेली. ती रिक्षात बसत होती तोवर यानं वरून सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मोठ्यानं म्हणाला, "आता जरा म्हातारीचा वास जाऊ दे." रिक्षा सुटायची होती. म्हातारीनं वर बघितलं नाही, पदर नीट केला. बायको फाटकापाशी उभी राहून दोघांच्या मधल्या हवेकडे बघत राहिली.

आणि मग एका साध्या तापात त्याचं नाक गेलं.

ताप उतरला, खोकला गेला, नाक काही परत आलं नाही. पहिल्यांदा त्याला वाटलं, सर्दी आहे. मग वाटलं, औषधांमुळे असेल. पुठ्ठ्यापाशी तो नेहमीसारखा डोळे मिटे, आणि मिटलेल्या डोळ्यांआड काहीच येत नसे. रंगावरून आणि जागेवरून बरंच निभत होतं. हिरवं किंवा गुलाबी दिसलं तर कूलंट, चाकाच्या आतल्या बाजूला बुळबुळीत आणि पातळ असलं तर ब्रेकचं, पुढच्या डाव्या कोपऱ्यात स्वच्छ पाणी असलं तर एसीचं. पण जुन्या गाडीत सगळी तेलं काळी होतात, सगळी बोटांत सारखीच सरकतात, आणि तिथं नाक लागतं. ते नाही हे कळलं तर पुठ्ठ्यापाशी त्याला कोण उभं करणार? पाना त्यानं कित्येक वर्षांत हातात धरला नव्हता. नव्या गाड्यांची इंजिनं उघडायची कशी हे लंबूला माहीत होतं, त्याला नव्हतं. नाक काढून घेतलं तर त्या गॅरेजात त्याचं म्हणून फक्त चहाचा कप उरत होता.

हे बायकोला त्याच्याआधी कळलं. सकाळी तिच्याकडून दूध करपलं. ती शेगडीपाशी उभी राहून कप आपटण्याची वाट बघत राहिली. तो चहा प्यायला, कप खाली ठेवला, चपला घालून गेला. तिनं कप उचलून हुंगला. करपट वास तिच्या डोळ्यांत गेला. दुसऱ्या दिवशी तिनं फिनेलचं फडकं न पिळता त्याच्या उशीखाली ठेवलं. तो घोरत होता. ती अंधारात त्याच्या बाजूला पडून हसली, आवाज न करता, पोट दुखेपर्यंत. लग्नानंतर ती तशी कधी हसली नव्हती.

थोड्या दिवसांनी एका दुपारी तो अवेळी घरी आला. खिशातून त्यानं मलमाची रिकामी डबी काढली, झाकण उघडलं. आत पुठ्ठ्यावरचा थेंब टिपलेला कापसाचा काळपट बोळा होता.

"हुंग."

"मी?"

"नाहीतर काय शेजारणीला बोलावू?"

तिनं हुंगलं. "गोडसर आहे. पाक जास्त शिजला की येतो तसा."

त्यानं सोडलेला श्वास तिला ऐकू आला. "कूलंट," तो स्वतःशीच म्हणाला आणि डबी बंद केली. दारातून वळून म्हणाला, "कुणाला बोललीस तर याद राख."

तिच्याकडे मागायची पाळी आली तरी मागणं त्याला जमलं नाही. तो शिकवायला लागला. ओट्यावर बाटल्यांची झाकणं मांडायची, प्रत्येकात वेगळं काहीतरी, आणि ती चुकली की, "कांदे चिरून चिरून नाक मेलंय तुझं." ती चुकेनाशी झाली. ब्रेक ऑइल नाकाला मासळी बाजारातल्या ओल्या फळीसारखं लागतं. इंजिनचं तेल जुनं झालं की विझलेल्या वातीसारखं. गिअर ऑइलमध्ये गंधक असतं, ते सडलेल्या अंड्यासारखं घाण येतं, कापूस डबीत बंद असला तरी येतं. पुढं पुढं ती झाकण उघडायच्या आधीच सांगायची. तेही त्याला खपत नसे. "आधी हुंग, मग बोल."

गॅरेजात त्यानं पद्धत बदलली. सकाळी पुठ्ठा बघायचा, बोट हुंगायचं, मान हलवायची आणि म्हणायचं, "दुपारनंतर सांगतो. थेंब जरा मुरू द्या."

"मुरू द्या म्हणजे?" एक गिऱ्हाईक कुजबुजलं.

"लोणचं आहे का ते?" दुसरं म्हणालं.

लंबूनं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "वरच्या दर्जाचं काम आहे, साहेब. सकाळचा वास वेगळा, दुपारचा वेगळा." आणि नाकोबा जेवायला घरी निघाला की मागून, "या वयात बायकोचं प्रेम फुटलंय हो दादांना," असं म्हणून डोळा मारला. नाकोबाला ते चालत होतं. लोकांनी प्रेम समजावं, बाकी काही समजू नये.

हे असं बरंच चाललं असतं. मध्ये बायकोची आई आजारी पडली.

ताईचा, म्हणजे तिच्या मोठ्या बहिणीचा फोन आला. आई नीट बोलत नाही, तुझं नाव घेते, येऊन जा. ताईचं गाव बसनं अर्ध्या दिवसावर. तिनं संध्याकाळी विचारलं.

"या आठवड्यात कसं जमेल?" तो म्हणाला. "गाड्या लागल्यात."

"गाड्या तुमच्या लागल्यात. मी जाऊन येते."

"आणि इथं कोण बघणार? मी?"

"दोन दिवस रंगावर भागवा."

"पुढच्या आठवड्यात बघू. म्हातारी कुठं पळून चाललीय?"

पुढच्या आठवड्यात फोन आला तो बघून जा असं सांगणारा नव्हता.

ते दोघं पोचले तेव्हा आईला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. माणसं भिंतीला टेकून बसली होती. ताईनं तिला मिठी मारली नाही, फक्त सरकून जागा दिली, आणि ते मिठीपेक्षा बरं होतं. ती आईच्या पायांशी बसली. हात लावावा की नाही ते ठरत नव्हतं. तेवढ्यात दारातून त्यानं खुणेनं बोलावलं. एकदा. मग परत.

ती उठून मागच्या अंगणात गेली. धुण्याच्या दगडापाशी तो उभा होता. त्यानं खिशातून डबी काढली.

"सकाळी निघताना घेतली," तो हळू आवाजात म्हणाला. "टेम्पोवाला संध्याकाळी येणार आहे. धाकट्याला फोन करून सांगावं लागेल. चटकन बघ."

"आई आहे आत."

"ती आहे तिथंच आहे. एक मिनिटाचं काम."

तिनं डबी घेतली. नाकाशी नेली. आत कुणीतरी मोठ्यानं रडायला लागलं होतं, बहुतेक ताई.

"ब्रेकचं," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

तो फोन लावत फाटकाकडे गेला. ती आत येऊन पुन्हा पायांशी बसली. आईच्या अंगावर नवी चादर होती, खोलीत माणसं होती, फुलं होती, पण तिच्या नाकात ब्रेक ऑइल बसलं होतं आणि आईचा म्हणून जो वास होता, ज्याच्यासाठी खिडक्या उघडल्या गेल्या होत्या, तो तिला शेवटपर्यंत आला नाही.

परत आल्यावर ती नेहमीसारखीच वागली. डबी आली की हुंगे, खरं ते सांगे. त्यानं एकदा चेष्टाही केली, "आता जरा तयार झालीस." ती मनासारख्या गाडीची वाट बघत होती. ब्रेकची गाडी तिला नको होती, त्यात भलत्याचा जीव गेला असता. तिला अशी हवी होती की जिच्यात माणूस मरणार नाही आणि नाकोबा उरणार नाही.

ती गाडी ड्रायव्हिंग स्कूलवाल्याची निघाली. शिकाऊ पोरांनी क्लचवर नाचून नाचून खिळखिळी केलेली. थेंब पडत होता तो इंजिन आणि गिअर बॉक्स जिथं एकमेकांना जोडलेले असतात त्या सांध्याच्या बरोबर खाली. काळा, जाड. इथं दोनच शक्यता असतात. इंजिनचं मागचं सील गेलेलं असतं, किंवा गिअर बॉक्सचं पुढचं. सांधा एकच असल्यामुळे डोळ्यांना फरक दिसत नाही. वास मात्र लगेच सांगतो.

डबी घरी आली. तिनं झाकण उघडलं आणि अख्खं स्वयंपाकघर सडक्या अंड्यानं भरून गेलं. तिच्या घशाशी आलं. तो समोर बसून पोळीचा तुकडा मोडत होता, शांतपणे.

तिनं सावकाश हुंगलं. पुन्हा हुंगलं, त्याला आवडे तसं.

"इंजिनचं," ती म्हणाली.

"जुनं?"

"जुनंच. वातीसारखं."

त्यानं मान हलवली आणि भाजी मागितली.

गॅरेजात गेल्यावर त्यानं इंजिनच्या तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल कमी होतं. ती गाडी तेल पीत होती, कुठल्याही म्हाताऱ्या गाडीसारखी, पण त्याला जे हवं होतं ते मिळालं. गिअर बॉक्सचा बोल्ट उघडून आत बोट घातलं असतं तर तिथलं तेल किती खाली गेलंय ते तिथंच कळलं असतं. त्यानं बोल्टकडे पाहिलंही. पण सगळे बघत होते, आणि ज्यानं जन्मभर हुंगून सांगितलं त्यानं बोट घालून तपासायचं म्हणजे स्वतःच्या तोंडानं कबूल करायचं. तो उठला.

"इंजिनचं मागचं सील. गिअर बॉक्स खाली घ्या."

धाकट्यानं काउंटरवरून विचारलं, "नक्की ना, दादा? मोठं काम आहे."

"रुमाल सापडला वाटतं तुझा?"

धाकटा हसला. "नाही नाही. तू म्हणतोस तर घेतो."

गिअर बॉक्स उतरवताना त्यातलं तेल आधी काढून घेतात. त्यामुळे दिवसभर सगळीकडे तोच वास होता आणि तो कुठून येतो हे विचारायचं कुणाला कारण नव्हतं. सांध्याच्या आतल्या बाजूला तेल चौफेर उडालेलं, फिरता क्लच तेच करतो. कुठली बाजू आधी ओली झाली ते तिथं बघून कळत नव्हतं. लंबू खाली झोपून काम करत होता. त्यानं नवं सील बसवलं आणि खालूनच ओरडला, "दादा, उघडलंच आहे तर गिअर बॉक्सचंही बदलून टाकू? दहा मिनिटांचं काम. परत कशाला उतरवा?"

हे शहाणपणाचं बोलणं होतं. कुठल्याही गॅरेजात कुणीही हेच केलं असतं.

"मी काय सांगितलं?"

"इंजिनचं."

"मग? उगाच नाकानं कांदे सोलू नकोस. बंद कर."

"बरं, दादा," लंबू म्हणाला. गाडीखालून त्याचा चेहरा दिसत नव्हता.

संध्याकाळी गाडी नव्या पुठ्ठ्यावर उभी केली. सकाळी ड्रायव्हिंग स्कूलवाला स्वतः आला, बडबड्या, खिशात कायम बडीशेप. गाडी मागं ढकलली. सांध्याच्या खाली, पेन्सिलीच्या रेघांच्या अगदी मधोमध, काळा थेंब होता. आधीच्यापेक्षा मोठा.

नाकोबा गुडघ्यावर बसला, बोट लावलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले.

ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला तिथला रिवाज माहीत नव्हता. तो सरळ वाकला आणि झटक्यानं मागं झाला. "अरे बाप रे! अंडी फोडलीत का इथं कुणी? काय घाण येतेय!"

लंबू खोकला. खोकल्यासारखं काहीतरी केलं.

"गिअर ऑइल आहे ते," धाकटा म्हणाला. तो काउंटर सोडून पुठ्ठ्यापर्यंत आला होता. "गंधकाचा वास. लांबून कळतो. पहिल्या दिवशीही हाच होता."

नाकोबानं डोळे उघडले. "मग बोलला का नाहीस?"

"पुठ्ठ्याला नाक लावायचं नाही ना."

"तू लावलंस कधी?"

"दादा, लावावं लागत नाही. गॅरेजात शिरताना येतो." धाकट्याचा आवाज मऊ होता, गिऱ्हाइकाशी बोलताना असे तसा. "आम्हाला माहीत आहे. थिनरचा डबा सांडला होता आठवतंय? आम्ही सगळे खोकत रस्त्यावर पळालो. परत आलो तर तू तिथंच बसून चहा पीत होतास."

"म्हणजे यांना वास येत नाही?" ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं लंबूला विचारलं.

"नाही."

"मग हे इतके दिवस हुंगत काय होते?"

हसू फुटलं ते या प्रश्नानं. आधी लंबू, मग बाकीचे, मग स्वतः ड्रायव्हिंग स्कूलवाला, आपण असं काय मजेशीर बोललो हे न कळून. नाकोबा गुडघ्यावरच होता. उठायला त्याला कुणी हात दिला नाही. त्यानं बॉनेटचा आधार घेतला, तर त्यावर तेलाच्या बोटांचे ठसे उमटले आणि लंबूनं ते लगेच चिंधीनं पुसून काढले.

धाकट्यानं ड्रॉवरमधून एक लहान बाटली आणि जांभळट काचेची बॅटरी काढली. "तेलात हा रंग टाकायचा, गाडी फिरवून आणायची, शटर ओढून हा उजेड मारायचा. जिथून गळतं तिथं पिवळं चमकतं. हुंगायला नको की मुरवायला नको."

"कधी आणलंस हे?"

"झाले बरेच महिने."

"आणि ठेवून दिलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं," धाकटा म्हणाला. मग गिऱ्हाइकाकडे वळला. "साहेब, काम परत करून देतो, आमच्याकडून. चहा घेणार?"

नाकोबा घरी आला तेव्हा बायको मटार सोलत होती. समोर कपड्यांची बॅग भरून ठेवलेली होती.

"कसला वास होता तो?" त्यानं विचारलं.

"सडक्या अंड्याचा."

"मग इंजिनचं का म्हणालीस?"

"तुम्ही समोरच होतात की. तुम्हाला कसला आला?"

त्यानं हात उगारला. ती हलली नाही, शेंगही खाली ठेवली नाही. "मारा," ती म्हणाली. "पण दूध नासलंय की नाही ते उद्यापासून कुणाला विचारणार, तेवढं ठरवून मारा."

हात खाली आला. तो खुर्चीवर बसला.

"मी तुझं काय वाईट केलं होतं?" तो म्हणाला. तो खरंच विचारत होता. ते तिला दिसलं आणि तिला एकदम थकवा आला. इतकी वर्षं ती ज्याच्यावर चिडून होती त्याला कशाचाच पत्ता नव्हता.

"ताईकडे चाललेय," ती म्हणाली. "आईची खोली आवरायची राहिलीय."

"किती दिवस?"

"खूप पसारा आहे."

तिनं मटार फ्रिजमध्ये ठेवले, टरफलं कचऱ्यात टाकली, हात धुतले आणि हुंगले, नेहमीच्या सवयीनं. दारात चपला घालताना म्हणाली, "गॅसचं बटण बघत जा. राहिलं तर तुम्हाला कळायचं नाही." मग जिना उतरून गेली.

पहिल्या दिवशी त्यानं त्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी चहा करून झाल्यावर तो बटणाकडे बघत उभा राहिला. बंद दिसत होतं. पण बंद दिसणं आणि बंद असणं यात त्याला आता फरक सांगता येत नव्हता. काडी ओढून बघावं म्हणून त्यानं काडेपेटी हातात घेतली आणि खाली ठेवली. खिडकी उघडली. जिन्यावर येऊन खाली वाकला. तळमजल्यावर एका शिंप्याचं दुकान होतं. त्यानं जन्मात कधी शिंप्याशी धड बोलणं केलं नव्हतं, कापडाच्या खळीचा वास जिन्यात येतो म्हणून भांडण तेवढं केलं होतं.

"अहो, जरा वर येता का?"

"काय झालं?"

"वास येतोय का बघायचंय."

शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून वर आला. स्वयंपाकघरात मधोमध उभा राहून त्यानं डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. नाकोबा त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिला.

"काही नाही," शिंपी म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

पुढं रोज हेच होऊ लागलं. शिंपी दोनचार दिवस वर आला, मग अर्ध्या जिन्यापर्यंत, मग मशीन थांबवून दुकानाच्या दारापर्यंत. गॅरेजातली गोष्ट एव्हाना त्याच्यापर्यंत पोचली होती. आता नाकोबा जिन्यातून हाक मारतो, तेव्हा खालून मशीनचा आवाज चालूच असतो आणि कपडे शिवायला टाकायला आलेल्या बायका हसू दाबत असतात.

"येतोय का हो वास?"

"नाही येत!" शिंपी ओरडतो.

मशीन थांबत नाही. तो तिथून कसं सांगतो, हे नाकोबा विचारत नाही. आत जाऊन तो बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीवर बसतो, शेगडीपासून जितकं लांब बसता येईल तितकं, दार उघडं टाकून.